पोऱ्या गॅरेजमध्ये काडतुसं भरतो, त्याला काय विचारू?

पत्र : वरणगावच्या आयुध निर्माणीतून निवृत्त झालो. मुलगा अमेरिकेत, मिनेसोटात नोकरीला आहे. तिथे त्याने हरणाच्या शिकारीचं लायसन काढलं, .३०८ विंचेस्टरची बोल्ट रायफल घेतली आणि आता गॅरेजमध्ये प्रेस बसवून काडतुसं स्वतःच भरतो. व्हिडिओ कॉलवर हौसेने दाखवतो. एका हाताने हँडल ओढतो, दुसऱ्या हातात चहा. चार वर्षांची नात शेजारी पुंगळ्या (काडतुसांची रिकामी पितळी नळकांडी) मांडून खेळते. म्हणतो, ‘आप्पा, हे तुमचं ७.६२च आहे, रेंजवरून मिलिटरीच्या पुंगळ्या पिशवीभर आणल्या, स्वस्तात.’ डब्यात पन्नासेक तयार आहेत, वर चिठ्ठी नाही. दिवाळीला येताना डाय (पुंगळी आकारात आणायचा साचा) घेऊन येतो आणि रावेरच्या चुलतभावाला त्याच्या .३१५ रायफलीची काडतुसं भरायला शिकवतो, असंही म्हणतो. केळीत रानडुकरं घुसतात आणि काडतूस महाग पडतं, म्हणून. मला घोर लागलाय. घरी हे करणं कितपत बरोबर? त्याला काय सांगू?

उत्तर :

आप्पा, तुमचा शेवटचा मुद्दा आधी घेतो. त्यात मुलगा आणि पुतण्या दोघंही गोत्यात येऊ शकतात.

डाय आणायची नाही. पुतण्याचा परवाना रायफल आणि काडतुसं बाळगण्याचा आहे. काडतूस तयार करायला शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ खाली वेगळा परवाना लागतो. याच कायद्यात दारूगोळ्याची जी व्याख्या आहे, तिच्यात काडतुसाचे सुटे भाग येतात आणि ते बनवायची यंत्रसामग्रीही येते. म्हणजे बॅगेतली डाय ही नुसती लोखंडाची नळी राहत नाही. विनापरवाना बनवण्याची शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षं, वर जन्मठेपेपर्यंत. ‘घरच्या शेतासाठी भरत होतो’ म्हणून ती कमी होत नाही. शिवाय रानडुक्कर मारणं हाही वेगळा विषय आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात शिकारीला सरसकट बंदी आहे आणि पिकाच्या नुकसानीसाठी वन खात्याची लेखी परवानगी लागते. ती हातात नसताना रायफल परवान्याची असून उपयोग नाही. पुतण्याने काडतूस परवानाधारक दुकानातूनच, परवान्यावर नोंद करून घ्यावं. केळीच्या बांधाला सौर झटका कुंपण एकदा घातलं की काडतुसाचा खर्चही बराच कमी होतो.

तसंही .३१५ म्हणजे ८ मिमीचं, कडा असलेलं काडतूस. .३०८ ची डाय त्याला लागूच होत नाही. मुलाने हे म्हटलं यावरून एवढंच कळतं की त्याचं वाचन अजून कच्चं आहे.

आता त्याच्या गॅरेजकडे येऊ. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी काडतुसं भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही, विकायला लागतो. मित्राने ‘शंभर मला पण दे, पैसे देतो’ म्हटलं तर नाही म्हणायचं, इतकं त्याला सांगून ठेवा. तिकडे असंख्य लोक वर्षानुवर्षं हे काम घरी करतात आणि त्यांची बोटं शाबूत आहेत. तेव्हा काम बंद कर म्हणायचं कारण नाही. पण .३०८ चा कमाल दाब दर चौरस इंचाला ६२,००० पौंड ठरवलेला आहे. मोटारीच्या टायरमध्ये तीस-पस्तीस असतो. तो दाब डोळ्यापासून वीतभर अंतरावर तयार होतो. तुमच्या निर्माणीत लॉट बाहेर पडण्याआधी नमुन्यांचा दाब मोजला जायचा आणि तपासणारा माणूस भरणाऱ्यापेक्षा वेगळा असायचा. गॅरेजमध्ये भरणारा, तपासणारा आणि पास करणारा एकच, आणि दाब मोजायला काही नाही. म्हणून तिथे सगळी भिस्त शिस्तीवर आहे.

सुरुवात पुंगळ्यांपासून, कारण ‘तुमचं ७.६२च आहे’ हे वाक्य आम्हाला सगळ्यात जास्त खटकलं. ७.६२×५१ हे लष्करी काडतूस आणि .३०८ हे नागरी, बाहेरून जवळजवळ एकसारखे आहेत. आतून नाहीत. मिलिटरी पुंगळीची भिंत सहसा जाड असते, त्यामुळे आत जागा कमी. तेवढीच पावडर कमी जागेत जळली की दाब चढतो. मॅन्युअलमधला (पावडर-गोळी कंपनीच्या पुस्तकातला) पावडरच्या वजनाचा आकडा साध्या पुंगळीचा आणि हातात मिलिटरीची, असं झालं की माणूस न कळत मर्यादेबाहेर जातो. दुसरं, मिलिटरी पुंगळीत प्रायमरभोवती (बुडातली, ठोका बसला की पेटणारी टोपी) पितळ दाबून क्रिम्प केलेली असते. ती कड रीमरने कापून किंवा स्वेजने दाबून काढल्याशिवाय नवा प्रायमर नीट बसत नाही, तिरपा बसतो किंवा चेंबतो. तिसरं, त्या पुंगळ्या कोणत्या हत्यारातून उडाल्या हे माहीत नाही. मशीनगनचा चेंबर (नळीतली काडतूस बसायची जागा) सैल असतो, त्यात पुंगळी ताणली जाते आणि बुडाजवळ आतून पातळ पडते.

हे पातळ पडणं बाहेरून दिसत नाही. त्याला एक उपाय शिकवा, तुम्हाला आवडेल. कागदाची साधी क्लिप सरळ करायची, टोकाला दोन-तीन मिलिमीटरचा काटकोनी आकडा काढायचा आणि टोक कानशीने जरा धारदार करायचं. ती तार पुंगळीत बुडापर्यंत सोडून, आकडा भिंतीला टेकवून हळूहळू वर ओढायची. चांगल्या पुंगळीत तार सरकत येते. खराब पुंगळीत बुडापासून सेंटिमीटरच्या आत आकडा एका खाचेत अडकतो, बोटाला ‘टक्’ जाणवतं. ती खाच म्हणजे पुढच्या बारात पुंगळीचं बूड तुटून वेगळं व्हायची जागा. मग तप्त वायू बोल्टच्या बाजूने मागे येतो. बाहेरून त्याच जागी चकचकीत कडं दिसलं तरी तेच समजायचं. अशी पुंगळी पक्कडीने चेपून भंगारात टाकायची. नुसती बाजूला ठेवली की ती परत डब्यात येते.

स्वतःच्या रायफलीतून उडालेली पुंगळीही याच कारणाने खराब होते, पण तिथे दोष डायच्या सेटिंगचा असतो. डाय फार खाली घेतली की पुंगळीचा खांदा (जिथे ती तोंडाकडे निमुळती होते) गरजेपेक्षा मागे ढकलला जातो, आणि प्रत्येक बाराला ती पुन्हा पुढे ताणते. बोल्ट रायफलीला खांदा एक-दोन थाऊ (इंचाचा हजारावा भाग), म्हणजे ०.०५ मिमीपर्यंत मागे गेला की पुरे. त्यासाठी व्हर्नियरला लावायचा कंपॅरेटर मिळतो. माप तपासायच्या गो, नो-गो गेजवर आयुष्य काढलेल्या बापाने मुलाला ‘तुझा खांदा किती थाऊ मागे जातो?’ एवढंच विचारावं. उत्तर आलं नाही तर त्याने मोजलेलं नाही.

लांबीही तशीच. साइझ केल्यावर, म्हणजे डायमधून काढल्यावर, पुंगळी वाढते. .३०८ ची कमाल लांबी २.०१५ इंच (५१.१८ मिमी). ओलांडली की कापून २.००५ इंचावर (५०.९३ मिमी) आणतात. लांब पुंगळीचं तोंड चेंबरच्या टोकाला टेकून गोळीला आवळतं आणि दाब एकदम वाढतो. कापल्यावर आतून-बाहेरून कड मोडायची. साइझ करताना ल्यूब (वंगण) कमी पडलं तर पुंगळी डायमध्ये अडकते, जास्त झालं तर खांद्यावर खड्डा पडतो. काम झाल्यावर ते पुसलंच पाहिजे. तेलकट पुंगळी चेंबरच्या भिंतीला धरत नाही आणि सगळा धक्का बोल्टवर येतो.

आणि आमचं स्पष्ट मत: पिशवीभर उकिरड्याच्या पुंगळ्या शिकाऊ माणसाने घेऊच नयेत. एकाच कंपनीच्या, एकाच लॉटच्या शंभर नव्या पुंगळ्या घ्याव्यात आणि किती वेळा भरल्या ते डब्यावर लिहावं. पिशवी भंगारात.

पावडरची गोष्ट सगळ्यात मोठी. पावडर दोनदा पडेल अशी भीती लोकांना वाटते. .३०८ मध्ये साधारण चाळीस ग्रेनच्या वर माल जातो (एक ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम), आणि तेवढ्याने पुंगळी निम्म्याहून बरीच जास्त भरते. दुसऱ्यांदा टाकली तर पावडर तोंडातून सांडते, डोळ्यांना दिसते. खरा घात होतो चुकीच्या पावडरने. पिस्तुलाची जलद जळणारी पावडर रायफलीच्या पुंगळीत तेवढ्याच वजनाने गेली तर रायफल फुटते, त्यात ‘कदाचित’ नाही. नावंही फसवी आहेत. एच-४८९५ आणि आयएमआर-४८९५ या दोन वेगळ्या पावडरी आहेत, एकीचा आकडा दुसरीला चालत नाही. नुसत्या रंगावरून किंवा दाण्यावरून पावडर कोणालाच ओळखता येत नाही, जुन्या जाणत्यालाही नाही.

म्हणून टेबलावर एका वेळी एकच डबा. बाकीचे कपाटात. काम संपलं की मापकातली पावडर त्याच वेळी मूळ डब्यात परत. मध्येच जेवायला उठायचं झालं तरी मापकात पावडर ठेवून उठायचं नाही. सकाळी ती कोणती होती याची शंभर टक्के खात्री नसेल तर ती फेकायची. पैसे गेले तर जाऊ देत.

आकडा आम्ही मुद्दाम देत नाही. तो पावडर किंवा गोळी बनवणाऱ्या कंपनीच्या चालू मॅन्युअलमधूनच घ्यायचा. यूट्यूबवरून नाही, मित्राच्या वहीतून नाही. त्याच पानावर पुंगळी, प्रायमर, गोळीचं वजन आणि प्रकार लिहिलेला असतो, तो जसाच्या तसा जुळला पाहिजे. शिकारीला हल्ली सबंध तांब्याच्या गोळ्या वापरतात. त्या शिशाच्या गोळीइतक्याच वजनाला जास्त लांब असतात, पुंगळीत खोल बसतात, जागा खातात. त्यांचा आकडा वेगळा. सुरुवात पानावरच्या ‘स्टार्टिंग लोड’पासून, तो दिलेला नसेल तर कमाल आकड्याच्या दहा टक्के खालून. मग अर्ध्या ग्रेनच्या किंवा त्याहून लहान पायऱ्यांनी वर. यातली एक जरी वस्तू बदलली, अगदी प्रायमरची कंपनी, की परत खालून सुरुवात. आणि किमान आकड्याच्या खालीही जायचं नाही. संथ जळणारी पावडर फार कमी घातली तर ती नीट पेटत नाही आणि कधी कधी उलटा दाब उसळतो. कमी म्हणजे सुरक्षित, हा हिशेब इथे चुकतो.

वजनकाट्याला दर वेळी प्रमाण वजन लावून तपासायचं. ०.१ ग्रेन म्हणजे साडेसहा मिलिग्रॅम. पंख्याचा वारा, हीटरची झुळूक, शेजारी ठेवलेला मोबाइल, एवढ्यानेही इलेक्ट्रॉनिक काटा हलतो. तिकडच्या हिवाळ्यात घरातली हवा इतकी कोरडी होते की स्थिर विजेमुळे पावडर प्लास्टिकच्या नरसाळ्याला चिकटते. एका पुंगळीत दोन दाणे कमी, पुढच्या पुंगळीत दोन जास्त. ॲल्युमिनियमचं किंवा पितळेचं नरसाळं बरं.

पन्नास पुंगळ्या ठोकळ्यात उभ्या करून, गोळी बसवण्याआधी टॉर्च मारून सगळ्यांत वाकून पाहायचं. पावडरची पातळी सारखी दिसली पाहिजे. यात एखादी रिकामी सापडते, आणि ती सापडणं फार महत्त्वाचं आहे. पावडर नसलेल्या काडतुसात प्रायमर एकटाच उडतो, गोळी चेंबरच्या पुढे, नळीच्या सुरुवातीला ढकलली जाते आणि तिथेच अडकते. आवाज बाराचा नसतो, ‘फुस्स’ असा येतो. घाईत माणूस बोल्ट ओढून दुसरं काडतूस घालतो आणि नळी फाटते. फुस्स आवाज आला की थांबायचं, रायफल रिकामी करायची, बोल्ट काढून नळीतून आरपार उजेड दिसतो का पाहायचं. घोडा पडूनही काहीच झालं नाही, तर नळी सुरक्षित दिशेला ठेवून किमान तीस सेकंद थांबायचं आणि मगच बोल्ट उघडायचा. बार उशिरा होऊ शकतो.

प्रायमर बुडाच्या पातळीच्या किंचित खाली, तीन-चार थाऊ आत बसला पाहिजे. बोट फिरवलं की कळतं. वर राहिलेला प्रायमर भरलेल्या काडतुसात परत दाबायचा नाही, आधी काडतूस उघडायचं. प्रायमर मूळ ट्रेमध्येच ठेवावेत. काचेच्या बरणीत सुटे ओतून ठेवले तर एक उडाला की सगळे एकदम उडतात. डोळ्यांवर सुरक्षा चष्मा, टेबलावर बसल्यापासून उठेपर्यंत.

गोळी बसवल्यावर एकूण लांबी २.८१० इंचांच्या (७१.३७ मिमी) आत हवी किंवा मॅन्युअल सांगेल ती. गोळी पुढे नळीच्या आट्यांना टेकली तर दाब वाढतो, फार आत गेली तरी वाढतो.

रेंजवर पहिल्या बारांनंतर पुंगळ्या पाहायच्या. चपटा झालेला प्रायमर, फायरिंग पिनच्या खुणेभोवती उठलेली कड, बुडावर इजेक्टरचा (पुंगळी बाहेर फेकणाऱ्या भागाचा) चकचकीत ठसा, बोल्टचं हँडल जड जाणं. यातलं काहीही दिसलं की तिथेच थांबून उरलेली घरी नेऊन उघडायची. पण ही चिन्हं उशिरा दिसतात. ती नाहीत म्हणजे दाब ठीक, असं समजू नये. क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजायचं यंत्र) घ्यायला सांगा. वेग मॅन्युअलपेक्षा जास्त येत असेल तर दाबही जास्त आहे, फुकटचा वेग कोणी देत नाही. थंडी-उन्हाचंही लक्षात ठेवावं. काही पावडरी उष्णतेने तापट होतात. नोव्हेंबरच्या बर्फात ठरवलेला कमाल लोड जुलैत बंद मोटारीत तापला की मर्यादा ओलांडतो. भुसावळचा मे पाहिलेल्या घराला हे समजावून सांगायला नको.

डब्यातली पन्नास. वहीत त्या पन्नासाची नोंद असेल (तारीख, पावडरचं नाव आणि लॉट, वजन, प्रायमर, गोळी, पुंगळी) तर लगेच चिठ्ठी लावावी. पण पिशवीतल्या मिसळलेल्या मिलिटरी पुंगळ्यांत ती भरलेली असतील, तर नोंद असूनही आम्ही ती उडवू देणार नाही. हातोडीसारखा पुलर मिळतो, तो ओट्यावर आपटला की गोळी सुटते. शेगड्यात (व्हाइसमध्ये) धरून पक्कडीने ओढायचं नाही. निघालेली पावडर परत वापरायची नाही, अंगणात पातळ पसरून टाकावी. प्रायमर असलेली रिकामी पुंगळी रेंजवर रायफलीत घालून नुसता प्रायमर उडवावा, मग भंगार.

साठवण. पावडर मूळ डब्यात, गार आणि कोरड्या जागी, कुलपात. पण घट्ट बंद पोलादी तिजोरीत नको. ही पावडर उघड्यावर नुसती भराभर जळते, कोंडली तर तिजोरीचाच बॉम्ब होतो. म्हणून तिकडच्या अग्निसुरक्षा नियमात घरी मूळ डब्यांत वीस पौंडांपर्यंत मुभा आहे आणि त्याहून जास्त असेल तर इंचभर जाड लाकडी पेटी सांगितली आहे. डबा उघडल्यावर आंबूस, झोंबणारा वास आला किंवा तांबूस धूळ दिसली की ती पावडर नासली, बाहेर नेऊन पसरायची. प्रायमर पावडरपासून वेगळ्या कपाटात.

आता नात. ही गोष्ट तुम्ही त्याच्याशी आजोबा म्हणून बोला, निर्माणीवाले म्हणून नको. उडालेल्या प्रायमरची काजळी शिशाची असते. पुंगळीच्या आत, साफ करायच्या मशीनच्या भुशात, टेबलावर, सगळीकडे ती असते. लहान मुलांच्या मेंदूला शिसं फार थोडंही घातक आहे, आणि चार वर्षांचं पोर हात तोंडात घालतंच. तिने पुंगळ्यांशी खेळायचं नाही, गॅरेजात यायचं नाही. भुसा बाहेर, वारा धूळ आपल्यापासून दूर नेईल असा गाळायचा. ओल्या फडक्याने टेबल पुसायचं, झाडू नको. हात साबणाने, घरात शिरण्याआधी. आणि चहाचा कप? तो तर थेट पोटात शिसं नेतो, शिवाय लक्षही जातं. त्या टेबलावर खाणं-पिणं, फोन आणि व्हिडिओ कॉल तिन्ही बंद. तुम्हाला दाखवायचं असेल तर काम संपल्यावर दाखवेल.

दिवाळीची बॅग. रेंजवर जी सॅक नेतो, ती घेऊन प्रवासाला निघायचं नाही, कितीही झटकली तरी. कप्प्याच्या शिवणीत एखादी पुंगळी किंवा जिवंत काडतूस राहतं आणि विमानतळाच्या स्कॅनरवर सापडतं. मुंबईला परवाना दाखवता आला नाही तर प्रकरण पोलिसांकडे, शस्त्र कायद्याखाली. जाणीवपूर्वक ताबा नव्हता असं कोर्टात पटवून लोक सुटतातही, पण तोवर सुट्टी, पासपोर्ट आणि परतीचं तिकीट सगळं अडकतं. प्रवासाची बॅग वेगळी घ्यायला सांगा, आणि निघायच्या आदल्या रात्री जॅकेटचे खिसे उलटे करून बघायला सांगा.